दुसऱ्या टीमला दिलेला तास कोणत्या खात्यावर लिहायचा?

माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र



घरून काम करणाऱ्यांना कार्यालयात परत बोलावताना आपल्यापैकी बहुतेकजण एकच कारण सांगतात. नवं काही सुचायचं तर वेगवेगळ्या टीममधली माणसं भेटली पाहिजेत, एकमेकांच्या अडचणी त्यांच्या कानांवर पडल्या पाहिजेत. हे कारण मला पटतं. त्यावर काढलेला उपाय मात्र पटत नाही. आठवड्यातले अमुक दिवस दारात कार्ड दाखवून आत या, एवढंच सांगून आपण थांबता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं हे झालं आहे.

मी कोल्हापुरात राहते आणि इथूनच काम करते. कंपनीचं कार्यालय पुण्यात आहे. माझ्या टीममधले लोक पुणे, इंदूर, कोइमतूर आणि रत्नागिरी इथे विखुरलेले आहेत. २०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन आम्ही घरी आलो, त्यानंतर काम थांबलं नाही, मुदती चुकल्या नाहीत. तरी काहीतरी निसटलं आहे, हे आम्हालाही कळतं. ते नेमकं काय, हे आपण आणि आम्ही मिळून पाहावं, म्हणून हे पत्र.

आधी आपल्या बाजूचा पुरावा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या आपल्याच ६१,१८२ कर्मचाऱ्यांचे ईमेल, कॅलेंडर, संदेश आणि कॉल यांची २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतली नोंद तपासली आणि निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध केले. सगळी कंपनी घरी गेल्यावर लोक आपापल्या गटात अधिक घट्ट झाले आणि गटागटांमधले पूल कमी झाले. एकत्र कामाच्या वेळातला जो वाटा आधी दुसऱ्या गटांसाठी जात असे, तो सुमारे २५ टक्क्यांनी घटला. पुढच्याच वर्षी मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. त्यांनी युरोप, मध्यपूर्व आणि दक्षिण आशियातल्या १,४९० अभियंत्यांच्या जोड्या केल्या. काही जोड्या समोरासमोर बसल्या, काही व्हिडिओवर. व्हिडिओवरच्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या. सुचलेल्यांतली चांगली कोणती हे निवडण्यात मात्र व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. या शेवटच्या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण ते सहसा कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणजे दूर बसून काम करण्याची किंमत आहे. पण ती कार्यालयात येऊन भरून निघते का? एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी सत्तरच्या दशकात प्रयोगशाळांमधल्या अभियंत्यांचा अभ्यास केला होता. दोन माणसांच्या टेबलांमधलं अंतर वाढत जातं तसं त्यांचं कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते जवळजवळ संपतं, असं त्यांना दिसलं. पन्नास मीटर! हिंजवडीच्या पहिल्या टप्प्यातली इमारत आणि तिसऱ्या टप्प्यातली इमारत यांच्यात काही किलोमीटर आहेत. खराडी आणि मगरपट्टा तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बंगळुरू आणि हैदराबादचं बोलायलाच नको. आज ज्याला आपण टीम म्हणतो ती मुळातच तीन-चार शहरांत पसरलेली असते. अशा टीममधला माणूस दीड तास वाहतुकीत अडकून कार्यालयात पोचतो, कानाला हेडफोन लावतो आणि हैदराबादच्या सहकाऱ्याशी कॉलवर बोलतो. शेजारच्या टेबलावरचा माणूसही तेच करत असतो.

त्यात आपल्या सेवा कंपन्यांची रचना वेगळी. एकेका ग्राहकासाठी स्वतंत्र ओडीसी (फक्त त्याच्याच कामाचं विकास केंद्र) असते. तिच्या दाराला वेगळं कार्ड, आत कॅमेऱ्याचा फोन न्यायला बंदी, ग्राहकाशी गोपनीयतेचा करार. एकाच मजल्यावर भिंतीपलीकडे कोण काय करतं हे वर्षानुवर्षं कळत नाही, आणि काही बाबतीत ते कळू नये हेच रास्त आहे. ग्राहकाची माहिती जपलीच पाहिजे. पण कार्यालय म्हणजे सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडणारी मोकळी जागा, हे चित्र आपल्याकडे कधीच पूर्ण खरं नव्हतं.

मग तिथे मिसळणं होत नव्हतं का? होत होतं. निगडीहून, कोथरूडहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होत होतं. फाटकाबाहेरच्या टपरीवर, जेवणाच्या रांगेत, मीटिंगची खोली रिकामी व्हायची वाट पाहत कॉरिडॉरमध्ये उभं असताना होत होतं. “तुमच्याकडे पण हीच भानगड आहे का?” या एका प्रश्नातून किती कामं सुटली असतील! पण हा सगळा वेळ कुणाच्याच टाइमशीटवर नव्हता. दुसऱ्या टीमला मदत करायची म्हणजे आपल्या हिशेबात न धरलेल्या फटींमध्ये करायची, अशीच रीत होती. आपण त्या वेळेचे पैसे कधी दिले नाहीत, कारण तो वेळ आहे हेच आपल्याला दिसत नव्हतं.

त्या फटीही सगळ्यांच्या वाट्याला सारख्या आल्या नाहीत. पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून सहाच्या ठोक्याला उठणारी आई टपरीवर रेंगाळू शकत नव्हती. रात्रपाळीच्या मुलांना कँटीनमध्ये दुसऱ्या टीमचं कोणी भेटत नव्हतं. कंत्राटावरच्या माणसाला तर गप्पांत ओढून घेणारंही कोणी नसे. ती जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणावी इतकी चांगली नव्हती.

घरी आल्यावर झालं एवढंच, की त्या फटी बुजल्या. सकाळच्या स्टँडअपपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक तासाला प्रोजेक्टचा कोड चिकटला. आता दुसऱ्या टीमला मदत करायची तर ती उघडपणे, स्वतःच्या बिलेबल, म्हणजे ग्राहकाच्या बिलावर लागणाऱ्या, वेळातून करावी लागते. आणि असा वेळ देणाऱ्याचं आजच्या पद्धतीत नुकसान होतं. माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे, आणि अंतर त्याच्या मानाने फार लहान अडचण आहे.

हे हवेतलं वाटू नये म्हणून माझ्या कामातलं उदाहरण देते. आमच्याकडे एक टीम विमा पॉलिसीचे कागद तयार करणारी प्रणाली सांभाळते, दुसरी कर्जाच्या पावत्या आणि नोटिसा. दोन्ही कागद मराठीतही निघतात. दोन्हीकडे एकच रोग होता. पडद्यावर बरोबर दिसणारा मजकूर पीडीएफमध्ये गेला की मोडायचा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जायची, जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडायची, आणि ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाड’ यांच्यातला तो अर्धा र रफार होऊन डोक्यावर बसायचा.

यामागचं तंत्र थोडं सांगायला हवं. युनिकोडमध्ये देवनागरीची अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात. त्यांना लिपीचं रूप देण्याचं काम दुसरीच एक प्रणाली करते. हार्फबझ हे तिचं प्रसिद्ध मुक्त उदाहरण; अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत ते आहे. आपला ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ नीट उमटायचा तर टंकणाऱ्याने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलं पाहिजे किंवा साध्या र नंतर हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह दिलं पाहिजे. कळफलकाने ते पाठवलं पाहिजे, डेटाबेसने साफसफाईच्या नावाखाली ते चिन्ह उडवून टाकता कामा नये, फाँटमध्ये तो आकार असला पाहिजे, आणि कागद तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरने मजकूर आकार देणाऱ्या प्रणालीतून नेला पाहिजे. पीडीएफ बनवणारी अनेक सॉफ्टवेअर हे शेवटचं काम आपणहून करत नाहीत. दर्या आणि दऱ्या यांतला फरक टिकवायला असे चार-पाच गट एकमेकांशी जुळलेले असावे लागतात.

पॉलिसीच्या टीममधला अभियंता चेन्नईचा. उत्तम माणूस, कामात चोख. पण त्याला तमिळ वाचता येतं, मराठी नाही. दोन्ही आकार त्याच्या डोळ्याला सारखेच बरे. पावत्यांच्या टीमला चूक दिसत होती, कारण कळत नव्हतं. आणि मोबाइल ॲपच्या तिसऱ्या टीममध्ये रत्नागिरीहून काम करणारी एक टेस्टर होती. तिने ही सगळी साखळी पूर्वी एकदा मुळापासून समजून घेतली होती. या तिघांची एकमेकांशी ओळखच नव्हती. तक्रारीचं तिकीट महिनोन्‌महिने या टीमकडून त्या टीमकडे फिरत राहिलं.

एका सामायिक चॅनेलवर कुणीतरी बिघडलेल्या पॉलिसीचं चित्र टाकलं, ते त्या टेस्टरने पाहिलं आणि स्वतःहून लिहिलं, “मला हे माहीत आहे, सांगू का?” संध्याकाळी तिघं कॉलवर बसले. तिने कारण दाखवलं आणि तपासणीसाठी शब्दांची एक यादी दिली: कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, तऱ्हा, दऱ्या, आणि फरक कळावा म्हणून किर्लोस्कर, सूर्य, कीर्ती. मराठी न वाचणाऱ्यालाही ताडून पाहता यावं म्हणून प्रत्येक शब्दापुढे तो कसा दिसायला हवा त्याचं चित्र. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन्ही प्रणाली सुधारल्या.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ती यादी सगळ्यांना दिसेल अशा जागी राहिली. कुणीतरी तीत मराठी वळणाचे ल आणि श घातले, जे हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याने आपल्या लिपीतले अडचणीचे शब्द जोडले, मग तमिळ आले. आता नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती यादी यंत्राकडून आपोआप तपासली जाते. हे कुणाच्याही उद्दिष्टपत्रकात नव्हतं. इनोव्हेशन हा शब्द आपण भाषणात वापरता तेव्हा आपल्याला हेच हवं असतं ना?

आता त्या टेस्टरचं काय झालं ते पाहा. आठवड्याअखेरी टाइमशीट भरताना तिला विचारण्यात आलं की हे तास कोणत्या कोडवर टाकायचे. तिच्या प्रोजेक्टच्या ग्राहकाने ते का भरावेत? पॉलिसीच्या प्रोजेक्टवर तिचं नाव नव्हतं. कोड सापडेना, तेव्हा ते तास गळाले. वर्षाअखेरीच्या अप्रेझलमध्ये या कामाचा उल्लेख झाला नाही, कारण तिच्या मॅनेजरच्या उद्दिष्टांशी त्याचा संबंध नव्हता. मॅनेजर वाईट नव्हता. त्याच्यासमोर जो फॉर्म होता त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. पुढच्या वेळी असं चित्र दिसलं तर ती हात वर करेल का? ती करेल, कारण तिचा स्वभाव तसा आहे. पण हजारो माणसांची कंपनी एकेकाच्या चांगल्या स्वभावावर चालवायची नसते.

दूर राहून वेगवेगळ्या गटांनी मोठं काम उभं केल्याचं माझ्या आवडीचं उदाहरण जुनं आहे. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेटची जुळवाजुळव चालू होती. लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा इथली कॅलिफोर्निया विद्यापीठं, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि युटा विद्यापीठ ही पहिली चार ठिकाणं. प्रत्येकाचा संगणक वेगळ्या जातीचा. त्यांना जोडणारी यंत्रं बनवणारी बीबीएन ही कंपनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समध्ये. या यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हे ठरवणारी मंडळी बहुतांशी विद्यार्थी होती. त्यांतल्या स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने ७ एप्रिल १९६९ रोजी पहिलं टिपण लिहिलं आणि त्या मालिकेला ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ असं नाव दिलं. आपल्याला कुणी अधिकार दिलेला नाही, आपण फक्त अभिप्राय मागतो आहोत, हा भाव नावातच होता. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात त्याने नियम सांगितले: टिपण घासूनपुसून चकचकीत करत बसू नका, वेळेवर पाठवा. उदाहरण नसलेला विचार चालेल, उत्तर नसलेला प्रश्न चालेल, एक वाक्य असलं तरी चालेल. ही टिपणं सुरुवातीला कागदावर, टपालाने जात. ऑक्टोबरच्या अखेरीस लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. आज या मालिकेत नऊ हजारांहून अधिक टिपणं आहेत आणि इंटरनेट त्यांच्यावर उभं आहे. ती सांभाळणारे अभियंते आजही वर्षातून तीन वेळा एकत्र भेटतात. बाकी बहुतेक काम लेखी आणि दुरूनच चालतं.

यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला हवी आहे ती अपुरं लिहायची मुभा. आपल्याकडे दुसऱ्या टीमपर्यंत पोचतं ते फक्त पूर्ण झालेलं काम, सुंदर स्लाइडच्या रूपात. तोवर त्यात भर घालण्याची वेळ निघून गेलेली असते. निर्णय अजून व्हायचा असताना, प्रश्न उघडा असताना, तो सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लिहिण्याची सवय लावा. गिटलॅब या कंपनीने आपली कामाची पद्धत हँडबुकच्या रूपात साऱ्या जगाला खुली ठेवली आहे. आपण निदान कंपनीच्या आत ठेवू शकतो, ग्राहकाची गोपनीय माहिती वगळून.

लेखी कामाचा आणखी एक फायदा मी रोज बघते. सांगलीच्या, परभणीच्या, चंद्रपूरच्या कॉलेजांतून आलेली कितीतरी हुशार मुलं-मुली कॉलवर गप्प असतात. भराभर इंग्रजी बोलणाऱ्या चार जणांत त्यांचा नंबरच लागत नाही. तीच मुलं लिहायला वेळ मिळाला की असा मुद्दा मांडतात की सगळे थांबून वाचतात. मराठी-हिंदी मिसळून लिहिलं तरी चालेल, असं वरिष्ठांनी एकदा स्वतः लिहून दाखवलं पाहिजे.

भेटीगाठी नकोत असं मी म्हणत नाही. उलट त्यांवर नीट खर्च करा असं म्हणते. ब्रक्स आणि लेवाव यांचा निष्कर्ष आठवा: कल्पना सुचायला समोरासमोर बसणं चांगलं, निवड दुरूनही तितकीच चांगली होते. मग नव्या कामाच्या आरंभी, एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन-तीन टीमना आठवडाभर एकत्र बसवा. प्रवासाचा, राहण्याचा खर्च कंपनीने करावा, मूल लहान असलेल्यांची सोय आधी विचारावी. त्या आठवड्यात लॅपटॉपवरचं रोजचं काम थांबवावं. असा एक आठवडा वर्षभराच्या मंगळवार-बुधवार-गुरुवारच्या हजेरीपेक्षा मोलाचा ठरेल, असं मला मनापासून वाटतं.

नवख्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. नताल्या इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांचा अभ्यास केला. शेजारी बसणाऱ्या नवख्यांना त्यांच्या कोडवर जास्त अभिप्राय मिळत होता, आणि तो देणाऱ्या अनुभवी मंडळींचं स्वतःचं काम त्या काळात कमी होत होतं. म्हणजे शिकवण्याचा खर्च होताच, तो ज्येष्ठांच्या तासांतून जात होता. कॉलेजमधून आलेल्या मुलांची पहिली काही वर्षं कार्यालयात जावीत, याला माझी हरकत नाही. पण त्यांना शिकवणाऱ्याचे तासही मग हिशेबात धरा. इथेही गाठ येते ती त्याच रकान्याशी.

माउस किती वेळ हलला हे मोजणारी सॉफ्टवेअर काढून टाका, हे वेगळं सांगायला नको. पडद्यावर हिरवा ठिपका टिकवण्याच्या धास्तीत असलेला माणूस दुसऱ्या टीमचं टिपण शांतपणे वाचायला बसणार नाही.

घरून काम दिलं तर माणसं हातची जातील ही भीती असेल, तर ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतला प्रयोग पाहा. निकोलस ब्लूम, रुओबिंग हान आणि जेम्स लियांग यांनी १,६१२ कर्मचाऱ्यांवर तो केला आणि २०२४ साली ‘नेचर’मध्ये मांडला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत आणि बढत्यांत फरक पडला नाही, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं. जी माणसं टिकतात त्यांच्याच डोक्यात कंपनीची जुनी माहिती टिकते. रत्नागिरीच्या त्या मुलीला शहरात येण्याची सक्ती झाली असती तर ती नोकरी सोडून गेली असती, आणि तिच्याबरोबर तो अर्धा र सुद्धा.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. टाइमशीटमध्ये एक कोड तयार करा: ‘दुसऱ्या टीमसाठी’. त्यावर लिहिलेले तास युटिलायझेशनमध्ये, म्हणजे कामी लागलेल्या वेळाच्या हिशेबात, बिलेबल तासांइतकेच धरा. प्रत्येकाच्या वेळातला थोडा भाग त्यासाठी राखून ठेवा आणि मुदत जवळ आली की तोच आधी कापायचा, ही सवय मॅनेजरांना सोडायला लावा. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये विचारा की या वर्षी कोणत्या टीमला काय मदत केली, आणि त्याचं उत्तर त्या दुसऱ्या टीमकडून घ्या. मॅनेजरलाही विचारा की आपली किती माणसं काही आठवड्यांसाठी दुसरीकडे दिली आणि ती काय शिकून आली. सगळ्या कंपनीत एकदम जमणार नसेल तर येत्या एप्रिलपासून एका विभागात करून पाहा. तो विभाग निवडताना कोल्हापूर, रत्नागिरी, अकोला अशा ठिकाणांहून काम करणारे लोक त्यात असतील असं बघा, कारण टपरीवर न पोचणारी माणसं तीच आहेत.

आपल्यापैकी अनेकजण दर तिमाहीच्या निकालात युटिलायझेशनची टक्केवारी छापतात. वर्षभर या प्रयोगाची नोंद ठेवा, आणि त्यानंतरच्या निकालात त्या टक्केवारीशेजारी हाही आकडा छापा: आमच्या माणसांच्या एकूण वेळापैकी किती वेळ दुसऱ्या टीमच्या कामी आला.

आपली,
कोल्हापूरहून काम करणारी एक सॉफ्टवेअर अभियंता